तीनदा अलाइनमेंट केली, प्रिंट हिरवी आली, तरी गाडी डावीकडे का ओढते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहा महिन्यांपूर्वी नाशिकातच २०१७ ची सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली, मीटरवर ९४ हजार किलोमीटर. साठ-सत्तरच्या वर गेली की डावीकडे ओढते, सरळ ठेवायला स्टेअरिंग सतत किंचित उजवीकडे धरावं लागतं, आणि ब्रेक दाबला की ओढ वाढते. दोन दुकानांत मिळून तीनदा अलाइनमेंट झाली, प्रत्येक वेळी मशीनच्या प्रिंटवर सगळं हिरवं. आता एक जण म्हणतो चारही टायर बदला, दुसरा म्हणतो स्टेअरिंग रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग, गेला. डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड जास्त घासली आहे हे तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची माहिती तीच आहे.

चौथ्यांदा अलाइनमेंट करून घेऊ नका. टायर घेऊ नका, आणि रॅक तर कुणाला उघडूच देऊ नका. मी अंबडला सस्पेन्शन, स्टेअरिंग आणि अलाइनमेंट एवढंच काम करतो, आणि माझ्याकडे ओढणारी गाडी आली की ती मशीनवर सगळ्यात शेवटी चढते. कारण आधी हाताने, डोळ्याने आणि जॅक लावून शोधायचं, ते दुरुस्त करायचं, आणि मग कोन जुळवायचे. झिजलेल्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरावर, जुळवलेला कोन पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

बहुतेक दुकानांत अलाइनमेंट म्हणून जे होतं ते फक्त टो. टो म्हणजे वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती वळली आहेत किंवा बाहेर किती फाकली आहेत तो कोन. टाय रॉडचा चेक नट सैल करायचा, रॉड फिरवायचा, आकडा हिरवा झाला की नट आवळायचा. टो चुकला तर टायर खातो आणि स्टेअरिंग वाकडं दिसतं, पण त्याने गाडी सहसा ओढत नाही. पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे गाडी चालू लागली की ती चूक दोघांत सारखी वाटली जाते. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती झुकलंय तो कोन. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं ती मागे किती झुकली आहे तो कोन. ओढ येते ती डाव्या-उजव्या कॅम्बर आणि कॅस्टरमधल्या फरकाने, टायरने, ब्रेकने किंवा मागच्या ॲक्सलने. तुमच्या तिन्ही वेळी यातल्या कशालाच हात लागला नसावा, म्हणून तीनदा टो जुळवूनही गाडी होती तशीच राहिली.

आता तपासणी. पहिली गोष्ट रस्ता. आपण डावीकडून चालतो आणि पाणी निचरावं म्हणून रस्त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो, साधारण दोन ते अडीच टक्के, म्हणजे मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर. निरोगी गाडीही या उताराने हळूहळू डावीकडे सरकते. लोक म्हणतात की मुंबई-आग्रा महामार्गावर उजव्या लेनमध्ये नेऊन पाहिलं, तरीही डावीकडेच जाते. जाणारच. दुभाजक असलेल्या महामार्गावर सरळ पट्ट्यात तुमच्या बाजूचा सगळा रस्ता बहुधा एकाच दिशेला, डाव्या कडेकडे उतरता असतो. लेन बदलून उतार बदलत नाही. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी पहाटे एमआयडीसीतला एखादा मोकळा, सरळ, सपाट अंतर्गत रस्ता शोधा. एकाच पट्ट्यावर जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी बघा. वारा जोराचा असेल तर तो दिवस सोडा. शेजारी कुणाला तरी बसवा, साठचा वेग ठेवा, आणि हात स्टेअरिंगवरून काढू नका, फक्त पकड सैल करा, बोटं रिंगला टेकलेली राहू द्या. साठच्या वेगाने सहा सेकंदांत शंभर मीटर जातात. तेवढ्यात गाडी लेनची पट्टी गाठत असेल तर ओढ खरी. सहा सेकंद होऊन फूटभरच सरकली तर तो रस्त्याचा उतार समजा.

याच फेरीत आणखी तीन गोष्टी टिपून घ्या. न्यूट्रलमध्ये नुसती घरंगळताना ओढते का? ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढ वाढते किंवा उलटते का? हलका ब्रेक दाबल्यावर काय होतं? या तीन उत्तरांनी निम्मं काम होतं. दोष कुठे शोधायचा ते यावरून ठरतं, आणि मेकॅनिकला नुसतं 'ओढते' सांगण्यापेक्षा एवढं सांगितलंत तर तोही बरोबर जागी हात घालेल.

मग टायर. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंपावरच्या गेजवर भरवसा ठेवू नका, स्वतःचं एक गेज घ्या. पुढच्या दोन टायरांत पाच पीएसआयचा फरक असला तर कमी हवेच्या बाजूला गाडी जाणारच. नंतर चारही टायरांची कंपनी, माप आणि तारीख बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंड हँड गाडीत विकण्याआधी दोनच टायर बदललेले, किंवा डावीकडे एक कंपनी आणि उजवीकडे दुसरी, असं फार दिसतं. पुढच्या ॲक्सलवर दोन वेगळे टायर असतील तर बाकी काहीही शोधण्याआधी तिथेच थांबा, आधी ती जोडी सारखी करा.

टायरचा एक दोष मशीनला दिसत नाही. रेडियल टायर बनताना आतला पट्टा किंचित एका बाजूला बसला तर टायर फिरताना अगदी थोडा शंकूसारखा वागतो आणि गाडीला आपल्या बाजूला नेतो. बाहेरून तो नवाकोरा, गोल, सुंदर दिसतो. बॅलन्सिंगमध्येही सापडत नाही. सापडतो एकाच युक्तीने: पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. ओढ नाहीशी झाली तरी संशय टायरवरच ठेवायचा, तेव्हा एकेक चाक मागे टाकून कुठलं ते पक्कं करा. ओढ जशीच्या तशी डावीकडे राहिली तर टायर सुटले, आणि चार टायरांचे पैसे वाचले. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका, त्याऐवजी त्याच बाजूचं पुढचं-मागचं चाक बदलून बघा. मागच्या मालकाने रुंद टायर आणि बाहेर काढलेले अलॉय बसवले असतील, नाशकात ही हौस बरीच आहे, तर प्रत्येक छोटा दोष मोठा होऊन हाताला जाणवतो. चाक जितकं बाहेर, तितका ब्रेकचा आणि खड्ड्याचा हिसका स्टेअरिंगवर जास्त. ओळखीत कुणाची तीच गाडी कंपनीच्या चाकांवर असेल तर एक दिवसासाठी चाकं मागून बघा.

ब्रेकवर ओढ वाढते असं तुम्ही म्हणता, म्हणून हा भाग टाळू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा, शेवटी जोराचा ब्रेक न मारता गाडी थांबू द्या, आणि चारही चाकांचं तापमान बघा. इन्फ्रारेडची गन असेल तर डिस्कवर मारा, नसेल तर रिमजवळ हात नेऊन अंदाज घ्या, डिस्कला हात लावू नका. पुढचं डावं उजव्यापेक्षा स्पष्टच गरम असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, सोडत नाही. कसारा उतरून गेल्यावर ही परीक्षा करू नका, घाटानंतर चारही चाकं तापलेलीच असतात आणि काही कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन गंजून जाम होणं हे नेहमीचं, विशेषतः इगतपुरी-घोटीकडच्या गाड्यांत. पिन काढून, घासून, योग्य ग्रीस लावून, रबर बूट नवे टाकले की पुष्कळदा काम होतं. न होईल तर रबरी ब्रेक होस बघा. होस आतून सुजतो, तेल पुढे जातं पण परत यायला अडतं, आणि बाहेरून होस ठणठणीत दिसतो. चाक जॅकवर उचलून ब्रेक दाबून सोडा, फिरवून बघा. जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, थोडा सैल करा. तेल सुटून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे बहुधा होस. मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा पिन.

ओढ जर फक्त ब्रेकवर असती तर मी इथेच थांबलो असतो. पण तुमची सरळ चालतानाही आहे आणि ब्रेकवर वाढते. यावरून माझं बोट लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मागच्या बुशकडे जातं, डाव्या बाजूच्या. ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं. त्याला धरून ठेवतो तो हा बुश. रबर फाटलं असेल तर चाक काही मिलीमीटर मागे सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो, आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला जाते. मशीनवर गाडी उभी असताना हे दिसत नाही, कारण उभ्या गाडीत बुशवर तो जोर येतच नाही. म्हणून प्रिंट हिरवी येते.

गाडी दोन पायांच्या लिफ्टवर घ्या किंवा स्टँडवर नीट ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा हब बेअरिंग. दोन्ही बाजूंना धरून हलवा: खेळ टाय रॉड एंडमध्ये किंवा रॅकच्या आतल्या जॉइंटमध्ये. मग एक लांब पहार घेऊन लोअर आर्म पुढे-मागे उचका आणि दोन्ही बाजूंची हालचाल शेजारी-शेजारी बघा. तुलना महत्त्वाची, थोडं रबर तर हलणारच. तेल भरलेला बुश असेल आणि त्याभोवती काळा ओघळ दिसला तर तो गेला, आणखी तपासायची गरज नाही. आर्म स्वतः वाकला आहे का तेही बघा. रंगाला पडलेली बारीक सुरकुती, एका जागी उडालेला रंग, कडेचा पोचा, या खुणा. डावं चाक कडेच्या खड्ड्यात किंवा फुटपाथच्या दगडावर जोरात आदळलं की लोअर आर्म आत आणि मागे दाबला जातो. आत दाबला की चाकाचं डोकं बाहेर झुकतं, म्हणजे कॅम्बर प्लसमध्ये जातो आणि टायरची बाहेरची कड घासते. मागे दाबला की कॅस्टर कमी होतो. दोन्हींनी गाडी डावीकडे. तुम्ही सांगितलेलं टायरचं घासणं याच्याशी तंतोतंत जुळतं, म्हणून सुरुवातीला म्हटलं की ती माहिती सगळ्यात कामाची.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी वर टांगलेली, चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी त्या बाजूला उचललेली राहते आणि बुश लवकर फाटतो. बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, पुढून-मागून दोन-चारदा दाबून बसू द्यायची, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. हे करणारा मेकॅनिक मिळाला तर त्याचं दुकान सोडू नका.

आता तुमच्या हातात असलेला तो हिरवा कागद. हिरवा म्हणजे आकडा कंपनीच्या मर्यादेत आहे, एवढंच. पण ओढ ठरते ती डाव्या-उजव्याच्या फरकाने. समजा कॅम्बरची मर्यादा उणे पाऊण ते अधिक पाऊण अंश आहे. डावा अधिक ०.३५, उजवा उणे ०.३०. दोन्ही हिरवे. फरक मात्र ०.६५ अंश, आणि गाडी अधिक प्लसच्या बाजूला, म्हणजे डावीकडे जाणार. कॅस्टर डावा २.२, उजवा ३.०, तोही दोन्हीकडे हिरवा, आणि गाडी कमी आकड्याच्या बाजूला, पुन्हा डावीकडे. फरक अर्ध्या अंशावर गेला की मी त्याला ओढीचं कारण धरतो. कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही एकाच बाजूला असतील तर त्याहून कमी फरकानेही हाताला जाणवतं. आकडे वाचताना एवढं सांभाळा की काही मशीन अंश-मिनिटांत लिहितात: ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, ०.३० नव्हे.

कॅस्टरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी आठवा, की मशीनवर गाडी असताना ऑपरेटरने स्टेअरिंग फिरवून पुढची चाकं दोन्हीकडे ठरावीक कोनात, बहुतेक दहा किंवा वीस अंश, वळवून घेतली होती का. कॅस्टर त्याशिवाय मोजलाच जात नाही. स्टेअरिंग न वळवता प्रिंट निघाली असेल तर कॅस्टरची जागा रिकामी असेल, नाहीतर तिथे जे लिहिलंय त्याला अर्थ नाही. टर्न प्लेटच्या, म्हणजे पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या, पिना काढल्या होत्या का, चाकांचा रनआउट, म्हणजे फिरतानाचा डुगडुगाट, मोजून घेतला होता का, हेही विचारा. पुढच्या वेळी समोर उभं राहून बघा. चांगला ऑपरेटर त्याने नाराज होत नाही.

कॅम्बर-कॅस्टर जुळवता येतो का, हे गाडीच्या बांधणीवर आहे, आणि तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. फॉर्च्युनरसारख्या गाडीत लोअर आर्मच्या बोल्टवर कॅम असतात, ते फिरवून दोन्ही जुळतात. काही जुन्या गाड्यांत वरच्या आर्मखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालतात. स्प्रिंगऐवजी पिळणारा टॉर्शन बार असेल तर आधी दोन्ही बाजूंची उंची मोजा, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. उंची सारखी केल्याशिवाय कॅम्बर जुळवणं व्यर्थ आहे. क्रेटा, डस्टर, एक्सयूव्ही ५०० यांसारख्या स्ट्रटवाल्या (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या) मोनोकॉक (वेगळी चेसी नसलेल्या) गाड्यांत पुढे कंपनीकडून टोच जुळवायची सोय असते. तिथे कॅम्बर चुकला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय, आणि ते शोधल्यावाचून गत्यंतर नाही. 'कॅम्बर बोल्ट टाकून देतो' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा की कॅम्बर बिघडला कशाने.

मोनोकॉक गाडीत एक जागा हमखास विसरली जाते, ती सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची चौकट जिला लोअर आर्म जोडलेले असतात. क्लच बदलताना अनेक गाड्यांत सबफ्रेम खाली उतरवावी लागते. परत चढवताना ती चार-पाच मिलीमीटर बाजूला बसली की एका चाकाचा कॅम्बर जेवढा प्लस होतो तेवढाच दुसऱ्याचा मायनस होतो. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांची गाडी अशीच आली होती. दुसरीकडे क्लचचं काम झालं आणि त्या आठवड्यापासून ओढायला लागली, त्यावर दोन अलाइनमेंट आणि एक टायरची जोडी खर्च झाली होती. सबफ्रेमचे बोल्ट सैल करून ती मधोमध आणली, पुन्हा आवळली, काम झालं. प्रिंटवर एसएआय किंवा केपीआय नावाचा आकडा असतो, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा आतला झुकाव, तो इथे उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंना एसएआय आणि कॅम्बरची बेरीज सारखी येते पण वेगवेगळे आकडे उलट-सुलट आहेत, तर सबफ्रेम किंवा आर्म बघा. बेरीजच एका बाजूला वेगळी आली तर नकल (हब धरणारा भाग) किंवा स्ट्रट वाकला आहे.

मागच्या बाजूकडे कुणी बघत नाही. प्रिंटवर थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेशी करतात तो कोन, शून्याच्या जवळ नसेल तर मागचा ॲक्सल गाडीला तिरकं ढकलतोय आणि तुम्ही पुढे स्टेअरिंगने ते सावरताय. बोलेरोसारख्या पाट्यांवरच्या गाडीत पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो. पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदाराची गाडी अशी आली होती, वर्षानुवर्षं द्राक्षाच्या क्रेटचं ओझं वाहिलेली. मागून पाहिलं तर खेकड्यासारखी तिरकी चालत होती. पुढची अलाइनमेंट करून ती कधीच सरळ झाली नसती. स्कॉर्पिओ-फॉर्च्युनरसारख्या कॉइल स्प्रिंग आणि रिजिड ॲक्सलच्या गाडीत मागच्या लिंकचे बुश बघा. ॲक्सिलरेटर दाबला की एकीकडे आणि सोडला की दुसरीकडे जात असेल तर बहुधा तेच.

रॅकबद्दल. तो शेवटी, आणि पुराव्यानिशी. हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि इंजिन चालू करा. स्टेअरिंगला हात न लावता ते आपोआप एका बाजूला वळू लागलं तर व्हॉल्व्हमध्ये दोष आहे. नाही वळलं तर निदान ओढीसाठी रॅक बदलायचं कारण नाही. गाडी शेवटी ज्या बाजूला वळवली त्याच बाजूला ओढत राहते, डावीकडे वळलात की डावीकडे, उजवीकडे वळलात की उजवीकडे, असं असेल तर काहीतरी जाम आहे: स्ट्रटच्या वरचं बेअरिंग, घट्ट झालेला बॉल जॉइंट, स्टेअरिंग कॉलमचा गंजलेला यू-जॉइंट. तुमची नेहमी डावीकडेच जाते, म्हणून हा संशय मी सोडतो.

इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर अलाइनमेंटनंतर स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा ठरवावा लागतो. आणि वाकडं दिसणारं स्टेअरिंग व्हील काढून दुसऱ्या दात्यावर बसवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती अजिबात चालू देऊ नका. त्याने सेन्सर चुकतो, एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग तुटू शकते, आणि मूळ दोष झाकला जातो. स्टेअरिंग सरळ करायचं ते दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून.

गाडी सेकंड हँड आहे, म्हणून अपघाताची शक्यता धरूनच चाला. विकणाऱ्याने सांगितलं नाही म्हणजे झाला नाही असं नसतं. घरच्या घरी एक मोजमाप करता येतं. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चाकं सरळ, आणि पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. सेंटीमीटरभर किंवा जास्त फरक आला तर एक चाक मागे गेलंय. पुढे जायचं असेल तर चेसीवरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्ण सारखे नसतील तर चेसी तिरकी झाली आहे. बॉनेट उघडून एप्रनवरची वेल्डिंग, मडगार्डच्या बोल्टवरचा उडालेला रंग, एका बाजूचा हेडलाइट नवा आणि दुसरा पिवळा, हेही बघा. जुन्या मालकाची विमा पॉलिसी मिळाली तर त्यावरचा नो क्लेम बोनस वाचा. पहिल्याच मालकाकडे चार-पाच वर्षं असलेल्या गाडीवर बोनस शून्य असेल तर क्लेम झाला होता का आणि कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहासही विचारून बघा.

चेसी खरंच वाकलेली निघाली तर आर्म आणि बुश बदलत बसू नका. चेसी बेंचवर ओढून घेणारं बॉडीशॉप गाठा, आणि आधी-नंतरची मापं लेखी मागा. कॅम-शिमने आकडे हिरवे करून देणारे भेटतील. ती गाडी सरळ चालेलही, पण टक्कर झाली तर वाकलेला सांगाडा कसा वागेल ते कुणी सांगू शकत नाही. घरच्यांना बसवायची गाडी आहे, इथे मी तडजोड सुचवणार नाही.

तुमच्या बाबतीत माझा क्रम असा: हवा आणि टायरच्या तारखा आजच बघा, पुढची चाकं अदलाबदल करून एक फेरी मारा, ओढ तशीच राहिली तर डावा कॅलिपर आणि डावा लोअर आर्म बुशसकट तपासा. मला वाटतं तुमचं उत्तर त्या आर्मपाशी सापडेल. तोवर कसारा किंवा सापुताऱ्याचा घाट उतरायला ही गाडी नेऊ नका. सपाटीवर ब्रेकला जेवढं ओढते, ते उतारावर आणि ओल्या रस्त्यावर कितीतरी जास्त होतं.

एका बाजूचा बुश गेला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. नव्या आणि जुन्या रबराचा लवचीकपणा वेगळा असतो आणि फरकच तर आपल्याला घालवायचा आहे. वाकलेला आर्म गरम करून सरळ करून घेऊ नका, नवा घ्या. त्यानंतर अलाइनमेंट, चारही चाकांची, कॅस्टरसाठी स्टेअरिंग वळवून, आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट हातात. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर पुन्हा मशीनवर जा, कारण नवे भाग तेवढ्यात थोडे बसतात, आणि सिंहस्थाच्या कामांनी शहरातले निम्मे रस्ते खोदलेले असताना तेवढं अंतर म्हणजे चांगली परीक्षा आहे. त्या वेळी फक्त मोजायला सांगा. आकडे आणि फरक जागच्या जागी असतील तर कुठल्याही नटाला पाना लावू देऊ नका.